तळ्याकाठी, डाव्या बाजूला

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा डेपोने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि बाईंनी ते तिथल्या तिथे कॅन्टीनवाल्याला देऊन टाकलं. "आयुष्यभर घड्याळाने छळलं, आता घरात कशाला आणू," म्हणाल्या. बाई पहिल्यापासून अशाच. बसमध्ये कोणी शेजारच्या सीटवर पिशवी बसवली की त्या पिशवीचं तिकीट मागायच्या. पण एखादी म्हातारी पायरी चढत असली, की ती नीट टेकेपर्यंत मागच्यांनी कितीही कटकट केली तरी बाईंचा हात दोरीला लागायचा नाही.

दोरी म्हणजे घंटीची दोरी. ड्रायव्हर पुढे काचेआड, कंडक्टर मागे गर्दीत. दोघांमधलं बोलणं काय ते त्या दोरीवरून. एक टोला, गाडी थांबायची. दोन टोले, गाडी निघायची. एवढ्या भाषेवर बाईंनी तीसेक वर्षं एकाच ड्रायव्हरबरोबर काढली आणि त्यातच केव्हातरी त्याच्याशी लग्नही केलं. यांचं जमलं तरी कसं, असं डेपोत लोक विचारायचे. बाई म्हणायच्या, दोरी होती म्हणून जमलं, एरवी हा माणूस तोंड उघडतो कुठे.

ड्रायव्हरसाहेब खरोखरच मुलखाचे अबोल. आणि त्यांचा एक नियम होता. नोकरी नवीन असताना एकदा पुलावर मागून कोणीतरी "थांबा, थांबा" म्हणून ओरडलं आणि साहेबांनी ब्रेक दाबला. मागचा ट्रक येऊन बसवर आदळला. कोणी दगावलं नाही, पण एका बिचाऱ्या मास्तरांचे पुढचे दात गेले, आणि ज्याने ओरडून थांबवलं त्याची म्हणे टोपी खिडकीतून उडाली होती. त्या दिवसापासून मागच्या ओरडण्याला साहेबांनी कान बंद करून घेतले. थांबा म्हणा, चला म्हणा, शिव्या घाला. "मागे पन्नास तोंडं असतात, मी कुणाकुणाचं ऐकू? मला घंटी कळते," म्हणायचे. पुढेपुढे तर बाईंनी स्वतः हाक मारली तरी मान हलत नसे. दोरी ओढली की मात्र पाय आपोआप ब्रेकवर जायचा. स्टिअरिंग हातात असताना ओरडणारा माणूस त्यांच्या लेखी जगातच नव्हता.

निवृत्तीनंतर हा माणूस खिडकीत जाऊन बसला. आधी खालच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर कुठे कुठे चुकतात ते बघायचे, मग तेही बघेनासे झाले. दाढी वाढली, जेवण घटलं. बाई वरवर चिडवत होत्या, आणि लपून त्यांच्या ताटातल्या पोळ्या मोजत होत्या. लेक एका बेकरीत कामाला होती. बेकरीने पाव पोचवायची जुनी व्हॅन विकायला काढली तेव्हा लेकीनेच ती बातमी आणली, आणि महिन्याभरात साहेब दाढी करून फळ्या कापताना दिसू लागले. व्हॅनमध्ये त्यांनी पलंग बसवला, भिंतीला मिटणारं टेबल, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचे कॅन ठेवायला खण. पडदे बाईंनी शिवले. ऊन चढून गाडी तापली की आतून अजून पावाचा वास यायचा.

शहर संपतं तिथे एक मोठं तळं आहे आणि त्याभोवती नगरपालिकेचा पार्क. वरच्या अंगाला हिरवळ, बाकं, भाड्याच्या होड्या. खालच्या अंगाला झाडीत मुक्कामाच्या गाड्या लावायची जागा. जागा म्हणजे नुसती जागा. वीज नाही, नळ नाही. एक हातपंप, खड्ड्यावर बांधलेले दोन संडास, आणि प्रत्येक जागेपुढे विस्तवासाठी एक लोखंडी कडं. पलीकडच्या काठावर शहराच्या इमारती दिसायच्या, अलीकडे बेडूक ओरडायचे. तिथल्या राखणदाराचा एकच आग्रह असे: गाडीचं तोंड रस्त्याकडे पाहिजे. कधी झाडी पेटली तर सगळ्यांना सरळ बाहेर पडता यावं म्हणून. त्यामुळे प्रत्येकाला आपली गाडी दोन झाडांमधून, तळ्याच्या दिशेने उतारावर, उलटी घालावी लागायची. नवशिके घामाघूम होत. साहेब एका दमात घालायचे आणि खाली उतरून टायरला उगाच एक लाथ मारायचे. दर शनिवारी दोघं तळ्यावर, असं दोन वर्षं सुखाने चाललं.

मग आरसा तुटला. पार्कच्या फाटकाच्या खांबाला घासून गाडीचा डावा आरसा निखळला आणि साहेब म्हणाले, पार्कवाल्यांनी खांब पुढे सरकवलाय. बाई हसल्या. पण घरी येऊन बघू लागल्या तर डाव्या हाताला ठेवलेला कप या माणसाला सापडत नव्हता. डावीकडून कोणी आलं की दचकत होते. दाराच्या चौकटीने डावा खांदा काळानिळा केला होता. बाईंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरशः ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. बाजूची नजर गेलेली आहे, डावीकडची जवळजवळ सगळी. ती परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. साहेबांनी सगळं मुकाट्याने ऐकलं आणि जिना उतरताना बाईंना म्हणाले, "थेंब घालायला सांगितलेत." जशा काही बाई त्या खोलीत नव्हत्याच.

आणि बाईही म्हणाल्या, "घालीन मी रोज."

इथे बाई चुकल्या, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. लोकांना तोंडावर बोलणारी ही बाई नवऱ्यापुढे मिठाची गुळणी धरून बसली. त्यांना वाटलं, गाडी काढून घेतली तर हा माणूस पुन्हा खिडकीत जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही. दुसरंही एक कारण होतं, आणि ते जास्त वाईट. त्यांना वाटत होतं, इतकी वर्षं याची मागची बाजू आपणच सांभाळली, आता डावी सांभाळू, त्यात काय मोठंसं. मग गाडी चालू लागली की बाई शेजारच्या सीटवरून बोलत राहायच्या, भाजी निवडता निवडता बोलावं तसं. डावीकडून सायकल. डावीकडे ट्रक, जाऊ दे त्याला. डावीकडे कुत्रं. साहेब हूं करायचे. पार्कात पोचलं की बाई खाली उतरून गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी उभ्या राहायच्या आणि पत्र्यावर तळहाताने थाप मारायच्या. दोन थापा, येऊ द्या. एक थाप, थांबा. गाडीला ओरखडा नाही. राखणदार एकदा म्हणालासुद्धा, तुमच्यासारखी गाडी इथे कोणी लावत नाही. बाईंना त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला बरं वाटत नाही, पण वाटला.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात लेकीला बेकरीच्या कामासाठी दोन दिवस परगावी जायचं होतं आणि जावयाची रात्रपाळी होती. तिने फोन केला, पोरीला तळ्यावर तुमच्याकडे ठेवू का. बाई चटकन हो म्हणाल्या. मुक्कामाची गाडी एका जागी उभी असते, पोर मातीत खेळेल, चिंता कसली, असा त्यांचा हिशेब. पण शनिवारी गाडी लावून झाल्यावर साहेब सहज म्हणाले, "मी भिंगरीला सांगितलंय, आजोबा तुला गाडीतून तळ्याला पूर्ण फेरी मारून आणतील. पुढे बसवून."

तळ्याभोवतीचा रस्ता अरुंद, वळणांचा. रविवारी तिथे निम्मं शहर सायकली घेऊन उतरतं. बाईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"पुढे कशी बसवणार? पुढे मी बसते," त्या म्हणाल्या.

"तू एक दिवस मागे बस की. पलंगावर."

"आणि डावीकडचं?"

साहेबांनी विस्तवात एक काटकी सरकवली. "तिला सांगता येतं सगळं. सहा वर्षांची आहे आता."

बाईंना रात्रभर डोळा लागला नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, काहीतरी सबब काढून ती फेरी टाळायची, आणि पुढची टाळायची, आणि त्यापुढची. दुसरी, लेकीला खरं सांगायचं आणि नवऱ्याच्या हातातून गाडी काढून घ्यायची. सकाळपर्यंत त्यांनी पहिली वाट धरली. टायरमध्ये हवा कमी आहे म्हणू, असं ठरवून त्या उठल्या.

लेक दहाच्या सुमारास स्कूटरवरून आली. पुढे भिंगरी उभी, पाठीला तिच्यापेक्षा मोठी पिशवी. तिचं नाव भिंगरी का पडलं ते ती स्कूटरवरून उतरल्याबरोबर कळलं. हातपंपाचा दांडा हाणून झाला, विस्तवात काडी घालून झाली, दोनदा गाडीच्या आत-बाहेर करून झालं, आणि शेवटी शेजारच्या रिकाम्या जागेत, तळ्याच्या बाजूला, तिने गोल गोल दगड मांडून स्वयंपाकघर थाटलं. ओटा, चूल, भांडी ठेवायला जागा, सगळं. "आजी, हे माझं घर. इथे चप्पल काढून यायचं."

"आणि चहा मिळतो का तुझ्याकडे?" बाईंनी विचारलं.

"अजून दूध आलं नाही," भिंगरी म्हणाली.

एवढ्यात राखणदार आला. संडासाचा खड्डा भरला होता, उपसायचा टँकर दुपारी यायचा होता आणि त्याला वळायला साहेबांच्या जागेतूनच वाट होती. "तेवढी गाडी शेजारी घ्या साहेब. तुम्हाला काय, हातचा मळ."

साहेब तर वाटच बघत असल्यासारखे उठले. बाईही उठल्या, हात पुसत, नेहमीच्या कोपऱ्याकडे निघाल्या. तर लेकीने त्यांना दंडाला धरून थांबवलं.

"तू कुठे चाललीस? गुडघे बघ तुझे. चहा कर, मी बघते मागे."

"अगं, मला सवय आहे. मीच बघते."

"आई, गाडी मागे घ्यायला बघायचं असतं काय त्यात? या, या, म्हणायचं. बस तू."

बाईंनी तोंड उघडलं. मीच पाहिजे, म्हणायचं, तर का पाहिजे ते सांगावं लागणार. तिकडे साहेबांनी इंजिन चालू केलंच होतं. लेक गाडीच्या मागे उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि सगळं जग करतं तसे हात हलवू लागली, या, या, या. डाव्या बाजूला कोणीच नव्हतं. तुटलेल्या आरशाच्या जागी नवा बसवला होता, पण त्यात बघायला ती नजर हवी ना. बाई विस्तवापाशी उकळती किटली हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे गाडीच्या डाव्या मागच्या चाकाला चिकटले होते. त्यांनी मनातल्या मनात सांगायला सुरुवात केली, जरा उजवीकडे, हं, झाड आलं, सरळ करा. आणि खरोखरच गाडी पहिल्या झाडाजवळून अलगद निघाली. आता शेजारच्या जागेत मागे घ्यायची, उतारावर, की झालं.

भिंगरी विस्तवाशेजारच्या घडीच्या खुर्चीत बसली होती. बाईंनी तिला बसवलं होतं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण तिने पाहिलं की आजोबांची गाडी तिच्या ओट्यावर चाललीय.

ती डावीकडून पळाली. खाली वाकून दोन्ही हातांनी दगड गोळा करू लागली, पाठ गाडीकडे करून. उजवीकडे उभ्या असलेल्या लेकीला गाडीआड काही दिसत नव्हतं, ती या, या म्हणत होती.

"थांबा," बाई ओरडल्या. "अहो, थांबा."

लेकीने आईचा चेहरा बघितला, वाकून गाडीखालून पलीकडे बघितलं, आणि तीही किंचाळली, "बाबा, थांबा, बाबा, थांबा, थांबा."

गाडी येत राहिली. दोघी घसा फोडून ओरडत होत्या आणि स्टिअरिंगवरचा माणूस शांतपणे आपलं काम करत होता. मागे पन्नास तोंडं असतात. बाई धावल्या. पोरीपर्यंत पोचायला वेळ नव्हता, हे त्यांना धावतानाच कळलं. पोचता येण्यासारखा होता तो गाडीचा पत्रा. हातातली किटली त्यांनी आहे तशी त्या पत्र्यावर आपटली, एकदाच, सगळा जोर लावून.

गाडी जागच्या जागी थांबली.

भिंगरी उठून वळली तेव्हा चाक तिच्या इतकं जवळ होतं की तिने उजवा हात पुढे केला तो रबरावरच टेकला. तिच्या कवेत चार दगड होते. "आजोबा, माझा ओटा मोडला असता," ती म्हणाली.

लेक गाडीला वळसा घालून आली, पोरीला उचलून छातीशी धरलं, एक धपाटा घातला, आणि मग स्वतःच रडायला लागली. साहेब खाली उतरून आले. डाव्या बाजूला येऊन त्यांनी चाक बघितलं, चाकापुढचे पावलांचे ठसे बघितले, आणि त्यांनी गाडीची कड घट्ट धरली. किटलीतलं पाणी बाईंच्या उजव्या हातावर सांडून कातडी लाल झाली होती, पण ते अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, बाईंच्याही.

"बाबा, तुम्ही होतात म्हणून," लेक रडत रडत म्हणाली. "दुसरा कोणी असता तर... तुम्ही आरशात बघितलंत म्हणून वाचली. आई तर किटलीच फेकत सुटली. मी नुसती ओरडत होते. तुमचा ब्रेक बघितला मी, काय ब्रेक मारलात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता हा माणूस सांगेल, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं.

"बघितलं ना," साहेब म्हणाले. "ड्रायव्हर आहे मी."

बाई गाडीत गेल्या आणि कॅनमधलं पाणी हातावर ओतू लागल्या. हात पेटला होता. बाहेर लेकीचा आवाज सैल झाला होता, ती भिंगरीला दटावत होती, आजोबांचे आभार मान म्हणत होती. गाडी हलली, म्हणजे साहेब पायरी चढून आत आले.

"फेरी छोटी मारू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "फाटकापर्यंतच."

"अहो, पोर चाकाखाली होती."

"तू होतीस ना."

"मी चहा करत होते," बाई म्हणाल्या.

साहेब पलंगाच्या कडेवर बसले. बाई त्यांच्या डावीकडे होत्या, म्हणून त्यांनी सगळं अंग वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "आज सांगू नकोस. पोरीला कबूल केलंय मी. तिच्या डोळ्यांत बघ जरा, आजोबा गाडी चालवणार म्हणून..." मग थांबून म्हणाले, "गाडी गेली तर मी काय करू, ते तू सांग. सांग, मी ऐकतो."

याचं उत्तर असतं तर बाईंनी ते केव्हाच दिलं असतं आणि हा दिवस आला नसता. त्यांनी ओला टॉवेल हाताला गुंडाळला आणि बाहेर आल्या.

अंडी-पाव खाऊन झाले. एकट्या भिंगरीने ताटली पुसून खाल्ली. लेकीला निघायला उशीर होत होता. तिने आईच्या हाताला मलम लावलं, इतकी कशी गं वेंधळी, म्हणाली, आणि पोरीची पिशवी गाडीत ठेवली. साहेब पुढची काच पुसत होते, होता त्याहून जास्त उत्साह दाखवत. भिंगरी पुढच्या सीटवर जाऊन बसली सुद्धा. पाय खाली टेकत नव्हते.

"पट्टा लावा तिला, बाबा," लेक म्हणाली. "सावकाश न्या. म्हणजे, तुम्हाला काय सांगायचं. आज मला कळलं, तुमच्याबरोबर असताना पोरीची काळजी करायचं कारण नाही."

साहेबांनी पट्टा लावला. त्याचा चाप खट्टकन बसला तो आवाज बाईंनी ऐकला. लेकीने हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली. बाई तिच्यापाशी चालत गेल्या. बोलायचं ठरवून गेल्या होत्या असं नाही. जाईपर्यंत त्यांना वाटत होतं, नुसतं सांभाळून जा म्हणू. पण तिथे पोचल्यावर त्यांनी भाजलेल्या हातानेच स्कूटरचा हँडल धरला.

"पोरीला घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भिंगरीला घरी ने. इथे ठेवू नकोस. त्यांना डावीकडचं दिसत नाही."

लेकीने स्कूटर बंद केली. तिने आधी आईकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पुन्हा आईकडे. "आरशात बघितलं ना त्यांनी..."

"आरशात काही बघितलं नाही. मी पत्र्यावर किटली आपटली, तिला थांबले. घंटी म्हणून. आपल्या ओरडण्याला ते थांबत नाहीत." बाईंचा आवाज कोरडा होता, तिकीट मागताना असायचा तसा. "डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय. मी होते तिथे."

साहेब काच पुसायचे थांबले होते. फडकं हातात. त्यांनी खोटं ठरवलं असतं बाईंना, तर लेकीने कदाचित त्यांचंच ऐकलं असतं. तिचे डोळे तेच मागत होते, बाबा, नाही म्हणा. साहेबांनी मान खाली घातली.

"कधी सांगितलं डॉक्टरांनी?" लेकीने विचारलं. वडिलांना नाही, आईला.

"मागच्या थंडीत."

"आणि मी पोरीला इथे ठेवू का म्हणून फोन केला तेव्हा तू हो म्हणालीस."

बाईंनी मान हलवली.

लेकीने भिंगरीचा पट्टा सोडला, पिशवी घेतली, आणि वडिलांपुढे हात केला. साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. संध्याकाळी पाळीवर जायच्या आधी यांना पाठवते, ते गाडी घरी आणतील, एवढं म्हणून ती निघाली. भिंगरी रडत होती, फेरीचं काय, फेरीचं काय, असं विचारत होती, आणि ते झाडी संपेपर्यंत ऐकू येत राहिलं.

साहेब बाईंकडे न बघता काठाच्या पायवाटेने चालू लागले. वाट ओल्या मातीची, पाऊल वाजत नव्हतं. ते ताडताड चालत होते आणि बाई मागोमाग निघाल्या, मग वाट रुंद झाली तशा बाजूला आल्या, डावीकडे, पाण्याच्या अंगाला. माफ करा म्हणावं, तर त्यांना पश्चात्ताप होत नव्हता; बरं केलं म्हणावं, तर बरं काहीच वाटत नव्हतं. शिव्या तरी घाला, असं त्या मनात म्हणत होत्या.

पुढे वाटेत एक आडवा पडलेला ओंडका होता. साहेब त्यावर बसले. बाईही बसल्या, डावीकडेच. साहेबांनी मान वळवली नाही. समोर होड्या फिरत होत्या, पलीकडच्या रस्त्यावरून सायकली चालल्या होत्या. ते ताठ बसले होते, ते एकदम वाकले, आणि रडायला लागले. आवाज करून, नाक ओढून, कोणी नसताना रडावं तसे. सासू गेली, आई गेली, डेपोतला शेवटचा दिवस झाला, बाईंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी श्वास रोखून धरला. तेव्हा त्यांना कळलं की या माणसाला आपण इथे आहोत हेच माहीत नाही.

रडणं थांबलं. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि उठण्यासाठी डावा हात ओंडक्यावर टेकवायला गेले, तो बाईंच्या हातावर पडला. ते दचकले. सगळं अंग वळवून त्यांनी पाहिलं.

"कधी आलीस?"

"तुमच्याबरोबरच निघाले."

डॉक्टरकडचा तो जिना उतरल्यापासून जे साहेब एकदाही बोलले नव्हते, ते आता बोलले.

"दिसली नाहीस," ते म्हणाले. "मला दिसलीच नाहीस तू."

त्यांचा हात अजून बाईंच्या हातावर होता. तो भाजलेलाच हात होता आणि चांगलाच झोंबत होता, पण बाईंनी तो काढून घेतला नाही.